मोठ्या संख्यांची तुलना डावीकडूनच का करायची?

प्रश्न:
संख्या चढत्या क्रमाने लावताना माझ्या मुलीने ९८,७६५ ही संख्या १,००,२३४ पेक्षा मोठी ठरवली, कारण पहिल्या संख्येतले अंक तिला मोठे दिसले. आधी अंक किती आहेत ते मोजावे आणि ते सारखे असतील तर डावीकडून तुलना करावी, हा नियम तिने पाठ केला. परंतु बेरीज उजवीकडून सुरू होते, मग तुलना डावीकडून का, या तिच्या प्रश्नावर मी निरुत्तर झालो.

उत्तर १:
प्रश्न नियमापेक्षा मोलाचा आहे. लक्षस्थानच्या १ ची स्थानिक किंमत १,००,००० असते, तर त्याच्या उजवीकडच्या पाचही स्थानांवर ९ लिहिले तरी ९९,९९९ च होतात, म्हणजे एकाने कमीच. चंद्राचे पृथ्वीपासूनचे सरासरी अंतर सुमारे ३,८४,४०० किलोमीटर आहे आणि प्रकाश एका सेकंदात सुमारे २,९९,७९२ किलोमीटर जातो. दुसऱ्या संख्येत तीन वेळा ९ असूनही लक्षस्थानी ३ आणि २ दिसताच निकाल लागतो, आणि चंद्रावरून प्रकाश यायला एका सेकंदाहून अधिक वेळ लागतो हे भागाकार न करताच कळते. बेरजेत हातचा डावीकडे सरकतो म्हणून ती उजवीकडून करणे सोयीचे. तुलनेत हातचा नसतोच.

उत्तर २:
वरील स्पष्टीकरण पटते, तरी मुलांची खरी अडचण मला शून्यात दिसते. ७,०५,६००, ७०,५६०, ७,५०,००६ आणि ७,०५,०६० या संख्या स्थानांच्या तक्त्यात एकाखाली एक, एककाखाली एकक येईल अशा मांडायला सांगा. ७०,५६० पाच अंकी म्हणून सर्वांत लहान आणि दशहजारस्थानी ५ असलेली ७,५०,००६ सर्वांत मोठी ठरते. उरलेल्या दोन संख्या हजारस्थानापर्यंत सारख्याच असल्याने शतकस्थानच्या ० आणि ६ वर ७,०५,०६० आधी येते.

उत्तर ३:
अंक मोजण्याचा नियम पूर्ण संख्यांपुरताच आहे, हेही तिला आताच सांगावे, नाहीतर पुढे ०.१२५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी वाटू लागते. गंमत अशी की संगणकही, संख्यांना निव्वळ मजकूर समजून क्रम लावला, तर १० ला ९ च्या आधी ठेवतो, कारण तो स्थाने न जुळवता पहिलेच चिन्ह पाहतो. मुलीची चूक नेमकी हीच आहे.

प्रश्नकर्ता:
तक्ता करून दिला. आता तिने ९९,९९९ मध्ये १ मिळवून पाहिला आणि मूळ उत्तर स्वतःच खोडले.