गोव्यात कायमचे राहायला यावे का? जाणकारांनी लिहावे

पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगावकडून गोव्यात बिऱ्हाड हलवण्याचा विचार बरेच जण करतात. समुद्र, झाडी, निवांतपणा या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत, त्या पुन्हा लिहायला नकोत. घर, कागदपत्रे, पाणी, वीज, शाळा, दवाखाना, गाडी यांतले जे तुम्ही रोज हाताळता तेवढेच लिहा, आणि कोणत्या तालुक्याबद्दल लिहिताय तेही सांगा. उत्तर आपापल्या टोपणनावाखाली लिहा. बार्देशातली अडचण सत्तरीत नसते आणि सत्तरीतली काणकोणात नसते.

म्हापसावाला

आधी भाड्याने राहा, आणि करार जूनमध्ये सुरू करा. अकरा महिन्यांचा करार १ जूनला सुरू झाला की एप्रिलअखेर संपतो. तेव्हा पर्यटनाचा हंगाम ओसरत असतो, त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी बोलणी तुमच्या बाजूने होतात. करार ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपत असेल तर कळंगुट, हणजुणे, मोरजी या पट्ट्यात घर सोडायला सांगण्याची शक्यता फार. डिसेंबरात पर्यटकांकडून आठवड्याला जे मिळते ते तुम्ही महिन्याला देत नाही, हे मालकालाही कळते.

जूनचा दुसरा फायदा म्हणजे घर पावसात पाहायला मिळते. गळती, भिंतीवरची ओल, अंगणात साठणारे पाणी हे जानेवारीत रंग मारून झाकता येते, जुलैत नाही.

करार नोटरीकडे किंवा निबंधकाकडे झालेला हवा. गॅस, बँक, आधारवरचा पत्ता, सगळे त्यावर अडते. भाडेकरूची पोलीस पडताळणी इथे सक्तीची आहे. मालक टाळाटाळ करत असेल तर ते घर घेऊ नका.

सनद

जागा किंवा जुने घर विकत घेणाऱ्यांनी हे नीट वाचावे. महाराष्ट्रातला अनुभव इथे अर्धाच कामाला येतो.

सातबाऱ्याच्या जागी इथे 'एक-चौदा'चा उतारा. शहर सर्वेक्षणात असेल तर फॉर्म डी. क्षेत्रफळ गुंठ्यांत नाही, चौरस मीटरमध्ये बोलले जाते. उताऱ्यात मालकाचे नाव पाहून थांबू नका. कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना पाहा. कुळाचे नाव लागलेले असेल तर तो विषय मामलेदारांकडे (तालुक्याचे महसूल अधिकारी) मिटेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

उताऱ्यावरून मालकी पूर्ण सिद्ध होत नाही. १९६१ आधीची नोंद पोर्तुगीज जमीन-नोंदणीत शोधावी लागते. डिस्क्रिप्शन नंबर (जमीन-नोंदणीतला क्रमांक) आणि मात्रीज नंबर (करनोंदीतला क्रमांक) हे दोन आकडे विक्रेत्याकडून मागा. मूळ दस्त पोर्तुगीजमध्ये असतो, त्याचे भाषांतर करून घ्या आणि दस्तातल्या चतुःसीमा आजच्या सर्व्हे नकाशाशी जुळतात का ते वकिलाकडून तपासा.

सर्वात जास्त व्यवहार अडकतात ते वारसांवर. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा चालतो. वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा वाटा असतो. म्हणून खरेदीखतावर विक्रेत्याच्या जोडीदाराचीही सही लागते. आईवडील वारले असतील तर सगळी मुले वारस, लग्न झालेल्या मुलीसुद्धा, आणि त्यांचे जोडीदारही सहीला हवेत. एक भाऊ लिस्बनला, एक बहीण आखातात, असे असले की एकाच सहीसाठी वर्ष जाते. अशा घरात 'इन्व्हेंटरी', म्हणजे वारस आणि मालमत्ता ठरवून वाटप करण्याची न्यायालयीन प्रक्रिया होऊन वाटण्या झाल्या आहेत का ते विचारा. '२०१२च्या वारसा कायद्याखालची इन्व्हेंटरी' म्हटले की इथला कोणताही वकील समजतो. 'नंतर करून देतो' या शब्दावर विसंबू नये.

मग झोन. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये जागा वस्ती क्षेत्रात आहे का, याचा दाखला नगर नियोजन खात्याकडून स्वतः घ्या. दलालाने दाखवलेली झेरॉक्स चालणार नाही. बांधकामासाठी बिगरशेतीची सनद, म्हणजे जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी लागते. भातशेतीच्या जमिनीच्या हस्तांतरावर २०२३च्या कायद्याने निर्बंध आहेत, तेव्हा 'शेत घ्या, पुढे झोन बदलू' असे कोणी सुचवले तर तिथून उठा. झोनबदलाचे वाद उच्च न्यायालयात गेले आहेत. जमीन हडपण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. मालक परदेशी आणि घर बंद, अशा जुन्या घरांच्या व्यवहारात दुप्पट सावध राहा.

समुद्र आणि खाडीजवळ सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेले क्षेत्र, पाहा. भरतीचे पाणी आत येते त्या नदीकाठालाही तो लागू होतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

बांदोडेकरीण

वरच्यात एक भर. जागेत कोणी मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत पूर्वापार घर करून राहणारे कुटुंब, आहे का ते प्रत्यक्ष जाऊन पाहा. भाटात (माडांच्या बागेत) कोपऱ्यात एखादे लहान घर असते, उताऱ्यावर त्याचा उल्लेख असेलच असे नाही. १९७५च्या कायद्याने त्या कुटुंबाला तिथून सहजासहजी काढता येत नाही आणि घराखालची व भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्कही आहे. हा कायदा गरिबाला बेघर होण्यापासून वाचवतो आणि तसाच राहायला हवा. तुम्ही त्यांचे शेजारी म्हणून राहणार असाल तरच ती जागा घ्या.

चिरेबंदी

घर घेतल्यावर खरा खर्च ओलीचा आणि खारट वाऱ्याचा. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबर. वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती मार खातात. त्या बाजूला छप्पर भिंतीच्या तीन फूट तरी पुढे हवे. सपाट स्लॅब असेल तर वर पत्र्याचे किंवा कौलांचे छप्पर घाला. नुसता वॉटरप्रूफिंगचा थर दोन-तीन पावसाळ्यांत तडकतो.

चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत पाणी ओढते आणि सोडते. तिच्यावर आतून-बाहेरून प्लॅस्टिकसारखा चकचकीत रंग दिला की ओल आत कोंडते आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. चुन्याचा किंवा हवा जाऊ देणारा रंग द्या. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, दोन इंच फट ठेवा. स्वयंपाकघरातले प्लायवूड आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या) प्रतीचे घ्या, साध्या पार्टिकल बोर्डला बुरशी लागते, मग तो फुगतो. लाकूडकामाआधी वाळवीची फवारणी करून घ्या.

समुद्र एक-दोन किलोमीटरवर असेल तर बाहेरची रेलिंग, बिजागऱ्या, स्क्रू ३१६ प्रतीचे स्टील घ्या. ३०४वर तांबूस डाग येतात. खिडक्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या). एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल गंजते आणि गॅस गळतो, म्हणून गंजरोधक लेप असलेले मॉडेल घ्या आणि महिन्यातून एकदा ते गोड्या पाण्याने धुवा. हाच खर्च फोंडा, डिचोली, सांग्यात बराच कमी होतो. माझे स्पष्ट मत: राहायला घर आतल्या तालुक्यात घ्यावे आणि समुद्रावर फिरायला जावे.

नळकाम

नळाचे पाणी कोणत्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येते ते तालुक्यावर ठरते. तिसवाडी आणि फोंड्याला ओपाचे, सासष्टी, मुरगाव, केपे, सांगे यांना साळावलीचे, बार्देशला मुख्यतः अस्नोड्याचे. अस्नोड्याला तिळारीच्या कालव्याचे पाणी येते. तो कालवा फुटला की बार्देशात टँकर धावतात. चार माणसांना दिवसाला पाचशे-साडेपाचशे लिटर लागते. बार्देशात स्वतंत्र घर असेल तर जमिनीखाली ५००० लिटरची टाकी आणि वर १००० लिटर, याहून कमी नको. किनाऱ्यालगतची विहीर एप्रिल-मेमध्ये खारी होऊ शकते, म्हणून विहिरीचे पाणी मे महिन्यात चाखून बघा.

वीज स्वस्त आहे, पण पावसात झाड पडले की जाते. इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या एका बॅटरीवर तीन साधे पंखे, पाच दिवे आणि राउटर चार-पाच तास चालतात. बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे लावले तर जवळपास दुप्पट वेळ. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या विजांसाठी मीटरपाशी सर्ज संरक्षक (अचानक वाढणाऱ्या विजेच्या दाबापासून वाचवणारे यंत्र) बसवा. घरून काम करणाऱ्यांनी दोन वेगळ्या कंपन्यांचे इंटरनेट ठेवावे, आणि मोबाईलची रेंज घराच्या आतल्या खोलीत तपासावी.

पर्वरी-पणजी

गाडी: बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर नोंदणी बदलायला हवी. जुन्या आरटीओकडून फॉर्म २८ची ना हरकत, कर्ज असेल तर बँकेचे पत्र, मग इथे फॉर्म २७ आणि रस्ता कर. जुना कर परत मिळवायचा अर्ज नव्या नोंदणीनंतर. ओला-उबर इथे नाही. गोवा माइल्स ही ॲपवरची टॅक्सी आहे, आणि खासगी बसेस संध्याकाळनंतर विरळ होतात. घरात दोन दुचाक्या धरूनच हिशेब करा.

शिक्षिका, डिचोली

सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहेत आणि त्यांना मुलांची गरज आहे, जरूर घाला. पाचवीपासून मात्र बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजी, मराठी हा विषय म्हणून. २०२५ पासून वरच्या वर्गांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तेव्हा जूनमध्ये येऊन प्रवेश मागू नका.

सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट. व्यावसायिक अभ्यासक्रमांनाही वास्तव्याच्या अटी आहेत. मुले आठवी-नववीत असतील तर हे आधी तपासा.

गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेला पाच वर्षांचे वास्तव्य हवे. तोपर्यंत तुमचा स्वतःचा आरोग्य विमा बंद करू नका. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात) उपचार चांगले आहेत, पण गोव्याबाहेरच्यांना शुल्क पडते.

सीमेवरून

पेडण्यात नोकरी असेल तर बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग हाही पर्याय मोजा. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे आणि बांद्याहून जवळ पडतो. तिकडे मुलांचे वास्तव्य महाराष्ट्राचे राहते, शाळा मराठीतून पुढे चालू राहते, महाराष्ट्रातल्या गाडीची नोंदणी बदलावी लागत नाही. तोटा असा की मोठ्या दुखण्याला बांबोळी गाठायची तर तासभर तरी धरा, आणि तिथे तुम्ही बाहेरचे ठरता.