पासवर्ड बदलल्यावर वापरकर्त्याची इतर सर्व सेशन्स खात्रीने कशी पुसावीत?

नमस्कार. नोडजेएसवरील (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) एका अॅप्लिकेशनमध्ये सेशन्स, म्हणजे वापरकर्त्यांच्या लॉगिनच्या सर्व्हरवरील नोंदी, सांभाळण्यासाठी एक्सप्रेस-सेशन ही लायब्ररी वापरली असून ती सेशन्स कनेक्ट-रेडिसमार्फत रेडिस या मेमरीतील डेटाबेसमध्ये साठवली जातात. वापरकर्त्याने पासवर्ड बदलला की त्याचे चालू सेशन वगळता इतर सर्व उपकरणांवरील लॉगिन लगेच रद्द व्हावे, अशी अपेक्षा आहे.

रिक्वेस्टमधील सेशनवर डिस्ट्रॉय ही पुसण्याची मेथड चालवल्यास तेवढे एकच सेशन जाते. स्टोअरच्या (सेशन्स साठवणाऱ्या भागाच्या) डिस्ट्रॉयने कोणतेही सेशन पुसता येते, परंतु त्या मेथडला सेशन आयडी द्यावा लागतो, आणि रेडिसमधील की (नोंदीचे नाव) सेशन आयडीवरूनच तयार होत असल्यामुळे कोणती नोंद कोणाची आहे, हे ती उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. सर्व की एकदम शोधणारी कीज कमांड मी मुद्दाम टाळली, कारण ती संपेपर्यंत रेडिस इतर कमांड खोळंबून ठेवतो. तेच काम करणारी स्कॅन कमांड टप्प्याटप्प्याने चालते हे खरे. तरीही एका व्यक्तीसाठी सगळ्यांची सेशन्स चाळणे मला पटत नाही.

म्हणून प्रत्येक वापरकर्त्यासाठी रेडिसमध्ये एक सेट (मूल्यांचा संच) ठेवून लॉगिनच्या वेळी त्यात सेशन आयडी टाकतो आणि पासवर्ड बदलताना त्यातील एकेक आयडी डिस्ट्रॉयला देतो. मुदत संपलेल्या सेशन्सचे आयडी सेटमध्ये पडून राहतात, पण अस्तित्वात नसलेली की पुसल्याने एरर येत नसल्याने त्याची फारशी चिंता नाही. खरी अडचण अशी की, पुसण्याच्या क्षणी दुसऱ्या उपकरणाची एखादी रिक्वेस्ट चालू असेल, तर कधीकधी पुसलेले सेशन रेडिसमध्ये पुन्हा उगवते. रीसेव्ह (न बदललेले सेशनही पुन्हा सेव्ह करण्याचा) हा पर्याय फॉल्स, म्हणजे बंद, ठेवलेला असूनही असे का होते, आणि यावर खात्रीचा उपाय कोणता?

उत्तर :

रीसेव्ह फॉल्स असल्यास न बदललेले सेशन पुन्हा लिहिले जात नाही, इतकेच. त्या रिक्वेस्टने सेशनमध्ये काही बदलले असेल, उदाहरणार्थ फ्लॅश मेसेज (पुढच्या पानावर एकदाच दाखवायचा संदेश) किंवा शेवटच्या वापराची वेळ, तर सुरुवातीला वाचलेली प्रत शेवटी सेव्ह होते. मधल्या काळात मूळ नोंद पुसली गेल्याचे लायब्ररीला ठाऊक नसते. आपल्याकडे एखादे मिडलवेअर (रिक्वेस्ट हाताळताना मध्ये चालणारा कोड) प्रत्येक रिक्वेस्टला सेशनमध्ये लिहीत आहे का, ते आधी तपासावे.

तो दोष काढला तरी केवळ पुसण्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे. वापरकर्त्याच्या टेबलमध्ये एक आवृत्ती क्रमांक ठेवावा, लॉगिनच्या वेळी तो सेशनमध्ये उतरवावा आणि प्रत्येक रिक्वेस्टला दोन्ही ताडून पाहावेत. पासवर्ड बदलताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पूर्ण होणाऱ्या डेटाबेस बदलांत) हा क्रमांक वाढवावा आणि चालू सेशन रीजनरेट करून, म्हणजे नव्या आयडीने नव्याने बनवून, त्यात नवा क्रमांक लिहावा. मग जुने सेशन परत लिहिले गेले तरी पुढच्या रिक्वेस्टला ते नाकारले जाईल. वापरकर्त्याची नोंद बहुधा दर रिक्वेस्टला वाचली जातेच, त्यामुळे वेगळा भार पडणार नाही. आपला सेट मात्र काढू नये. लॉगिन असलेल्या उपकरणांची यादी दाखवायला तो लागेल.

अॅप्लिकेशनमध्ये वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधील सतत उघडी जोडणी) असल्यास ती जोडणी स्वतंत्रपणे तोडावी लागेल, कारण तेथे सेशन सहसा जोडणी होतानाच तपासले जाते.