मदत हवी आहे: पीएचपीस्टॅनची बेसलाइन रिकामी कशी करायची?

महापेला चौघांची टीम आहे. कोड जुना, पीएचपी ८.१, टेस्ट जवळजवळ नाहीतच. पीएचपीस्टॅन (कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारं टूल; लेव्हल जितकी वर तितकी तपासणी कडक) लेव्हल ५ वर लावलं, एररचा पूर आला, म्हणून बेसलाइन फाइल बनवली, म्हणजे टूलने सोडून द्यायच्या जुन्या एररची यादी. नव्या कोडपुरतं छान चाललंय, पण जुन्या एरर त्या फाइलीत गाडल्या गेल्यात. कुणी ढुंकून बघत नाही. लेव्हल २ वर उतरून पाहिलं, तर फंक्शनला चुकीच्या टाइपचं आर्ग्युमेंट जातंय तेच सुटतं, आणि आमचे खरे बग तिथलेच. रेक्टर (कोड आपोआप बदलून देणारं टूल) चालवलं, पण एवढा डिफ, म्हणजे एवढे बदल, टेस्टशिवाय मर्ज करायची छाती होईना. (फॉरमॅटिंगचा प्रश्न नाही. सगळं नव्याने लिहा, असंही सांगू नका, तेवढा वेळ मिळणार नाही.)

ज्यांनी अशी बेसलाइन खरंच संपवली, त्यांनी फोल्डरप्रमाणे साफसफाई केली की एररच्या प्रकाराप्रमाणे? आणि बेसलाइन वाढली की सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासणीत) बिल्ड फेल व्हावा, हे कसं बसवलंत?