बारावी, कोचिंग आणि रामरक्षा: रोज किती म्हणावी?

राजवाड्यामागची:
मुलगी बारावीला आहे, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स), सीबीएसई. सकाळी शाळा, दुपारी इथे इंदूरमध्येच भंवरकुआंला कोचिंग, घरी यायला रात्रीचे आठ. पुस्तक उघडलं की हात गार पडतात, रडू येतं. रामरक्षा म्हटली की शांत वाटतं, असं तिचं तीच सांगते. आता मात्र परीक्षेपर्यंत रोज अकरा पाठ, दर बुधवारी खजरान्याच्या गणपतीचं दर्शन आणि संकष्टीचा उपास, असा संकल्प करायचा म्हणतेय. तिची श्रद्धा दुखवायची नाही, पण झोपही जायला नको. कसं बसवावं?

पाठवाला:
ताई, अकरा नकोत, एकच पाठ. श्लोक ३८. नीट म्हटले तर दहा मिनिटं लागतात, म्हणजे अकरा पाठांना जवळजवळ दोन तास. एवढा वेळ ती आणणार कुठून? झोप कापेल, नाहीतर पाठ पळवेल, आणि पळवलेल्या पाठाने धाप लागते.

शांत वाटतं ते श्वासामुळेही. बहुतेक श्लोक अनुष्टुभातले आहेत, आठ अक्षरांचा एक चरण. दोन चरण, म्हणजे १६ अक्षरं, एका उच्छ्वासात सावकाश म्हणायची, पाचेक सेकंदांत. मग नाकाने श्वास घ्यायचा आणि पुढची ओळ. बाहेर जाणारा श्वास आत येणाऱ्यापेक्षा लांबला की छातीची धडधड उतरते. ध्यानाच्या श्लोकाशी बरेच जण अडखळतात, कारण तिथे चरण २१ अक्षरांचा आहे. सात-सात अक्षरांवर थांबलं की दम पुरतो.

आता खरा उपयोगाचा भाग. चौथ्या श्लोकाच्या दुसऱ्या ओळीपासून नवव्या श्लोकापर्यंत कवच आहे. डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, जीभ, कंठ, खांदे, दंड, हात, हृदय असं करत थेट पावलांपर्यंत एकेक अवयव रामाच्या हवाली केला आहे. ज्या अवयवाचं नाव येईल तो त्या क्षणी सैल सोडायचा. कपाळाची आठी, आवळलेला जबडा, कानांपर्यंत चढलेले खांदे. मुलांचे खांदेच सगळ्यात उशिरा सुटतात, तिथे एक श्वास जास्त घ्यावा. जिभेचं रक्षण करणाऱ्या रामाला तिथे 'विद्यानिधि' म्हटलंय, हे तिला जरूर सांगा. हे सगळं जेमतेम दीड मिनिटाचं आहे. पुस्तक उघडल्यावर हात गार पडले की पूर्ण पाठ नको, एवढंच म्हणायचं.

पूर्ण पाठ घरी आल्यावर, हातपाय धुऊन, जेवणाआधी. झोपायच्या वेळी ठेवला तर पेंगत होतो, आणि अर्धवट राहिला की रुखरुख लागते. मोबाइलवरून वाचू नये, मध्येच कोचिंगच्या ग्रुपचा मेसेज येतो. छापील पुस्तिका घ्या.

बडा गणपती चौक:
बुधवारी खजरान्याला गर्दी असते, संध्याकाळी तर रांगेतच वेळ जातो. रविवारीही गर्दी असतेच, म्हणून जायचं तर सकाळी लवकर जा. तिथे उलटं स्वस्तिक काढून मागणं मागायची पद्धत आहे. काढायचंच असेल तर मागणं टक्क्यांचं नको. 'पंचाण्णव मिळू दे' म्हटलं की प्रत्येक युनिट टेस्टनंतर मन देवाकडे हिशेब मागायला लागतं आणि आधार होता तोच टोचायला लागतो. 'पेपर लिहिताना डोकं जागेवर राहू दे' एवढं पुरे.

संकष्टी करावी, पण चंद्रोदयापर्यंत कोरडी नको. मुलं सकाळी घाईत काही न खाता निघतात आणि चारच्या सुमारास डोकं चढतं. डब्यात दोन केळी, शेंगदाण्याचा लाडू आणि पाण्याची बाटली द्या. साबुदाणा खिचडी जड पडते, झोप येते. पेपरच्या दिवशी संकष्टी आली तर घरातल्या मोठ्यांपैकी कोणीतरी तिच्या नावाने उपास धरावा.

राजवाड्यामागची:
कवच आजच करून बघतो. एक विचारायचं राहिलं. एखादी ओळ चुकली तर ती पहिल्यापासून सुरू करते, कधी तीन-तीनदा. हे ठीक आहे का?

पाठवाला:
नाही ताई, हे इथेच थांबवा. ओळ चुकली तरी पुढे जायचं, पाठ झाला असंच धरायचं. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचा नाही. परंपरेतही पाठ संपल्यावर चुकल्यामाकल्याची क्षमा मागतात. ती एकदा मागून उठावं.

पण पुढे जायला सांगितल्यावर घाबरत असेल, 'नीट झालं नाही तर काही वाईट होईल' असं म्हणत असेल, तर तो भक्तीचा भाग राहिला नाही. पाठ वाढवून हे कमी होत नाही, उलट वाढतं. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, अशा त्रासावर चांगले उपचार आहेत. सुरुवात म्हणून सरकारच्या टेलिमानसला, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. मुलगी स्वतः बोलली तर जास्त चांगलं.

बडा गणपती चौक:
आणि पेपरच्या दिवशीचं: प्रश्नपत्रिका सव्वादहाला हातात येते, लिहायला साडेदहाला सुरुवात. कवच सव्वादहाच्या आधी, जागेवर बसल्यावर मनातल्या मनात. मधली पंधरा मिनिटं प्रश्न वाचायची आहेत, ती त्यालाच द्यायची.