मदत हवी आहे: 'स्टिकी फिंगर्स'मधलं गाणं स्पेनमध्ये का वगळलं, त्याचा सरकारी कागद कुठे शोधू?

नमस्कार मंडळी,
नोकरीनिमित्त दोन वर्षं माद्रिदला आहे. इथल्या एल रास्त्रो या रविवारच्या बाजारात रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या 'स्टिकी फिंगर्स' अल्बमची (१९७१) स्पॅनिश एलपी मिळाली, ती मामासाठी घेतली. मामाकडे इंग्लंडहून आलेली प्रत आहे: अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलची कल्पना, जीन्सच्या फोटोवर खरीखुरी चेन. माझ्या प्रतीवर जीन्सच नाही. पत्र्याचा उघडा डबा, त्यात काकवीसारखा पाक आणि पाकातून वर आलेली बोटं. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत मूळ कव्हर चाललं नाही, म्हणून स्पेनपुरतं हे केलं.

व्हिडिओ कॉलवर मामाने मागची गाण्यांची यादी वाचायला लावली. 'सिस्टर मॉर्फिन' नाहीच! त्याऐवजी अमेरिकन गायक चक बेरीचं 'लेट इट रॉक', स्टोन्सनी लीड्स विद्यापीठातल्या कार्यक्रमात गायलेलं. मामा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अगं, दवाखान्यात खाटेवर पडलेला माणूस विनवणी करतोय त्यात. सेन्सॉरवाल्यांनी ते नीट वाचलं तरी होतं का?"

तेव्हापासून मलाही तेच जाणून घ्यायचंय. त्या काळी गाण्यांचे शब्द आधी माहिती व पर्यटन मंत्रालयाकडून मंजूर करून घ्यावे लागत. काही गाण्यांवर 'नो राडियाब्ले' असा शेरा पडे, म्हणजे रेकॉर्ड दुकानात मिळेल, पण गाणं रेडिओवर लागणार नाही. मला हे जास्त खुपतं. ज्याला रेकॉर्ड परवडत नाही त्याने ते गाणं ऐकायचं कुठे?

त्या मंत्रालयाचे कागद आता जवळच आल्काला दे एनारेसच्या सरकारी अभिलेखागारात आहेत. तिथे कुणी काम केलंय का? अर्जात अल्बमचं नाव पुरतं, की रेकॉर्ड कंपनीचं नाव आणि 'देपोसितो लेगाल' (कायद्याने सरकारजमा करायच्या प्रतीचा) क्रमांकही द्यावा? माझं स्पॅनिश रोजच्या व्यवहारापुरतं आहे, त्यामुळे फाइल मिळालीच तर जुनी सरकारी भाषा वाचून देणारं कुणी असेल तर फार उपकार होतील. डिसेंबरात डोंबिवलीला येतेय. एलपीबरोबर त्या कागदाची प्रतही मामाच्या हातात द्यायची आहे.

आणि हो, कव्हरवर दुकानदाराचं किमतीचं चिकट लेबल आहे. कव्हरचा कागद न फाटता ते कसं काढायचं, हेही कुणीतरी सांगा.