मदत हवी आहे: एक काँप्युटर, चौघं वापरणारे, पासवर्ड आणि फोल्डरच्या परवानग्या कशा लावू?

नमस्कार मंडळी,

घरात डेस्कटॉप एकच आणि वापरणारे चौघं. मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आई. जुन्या मशीनचा पॉवर सप्लाय गेला, तसंही ते विंडोज १० वर होतं आणि त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून नवीनच घेतलं, त्यात विंडोज ११ होम आहे. जुनी हार्ड डिस्क ठणठणीत आहे, ती केसमध्ये घालून यूएसबीने जोडली तर दिसतेय पण माझं जुनं यूझर फोल्डर उघडायला गेलो की म्हणतं तुम्हाला परवानगी नाही आणि खाली कंटिन्यूचं बटण. अजून दाबलेलं नाही. दाबू का? त्याने जुन्या डिस्कवरचं काही बिघडणार नाही ना?

सिक्युरिटीच्या टॅबमध्ये बघितलं तर माझ्या नावाच्या जागी अकाउंट अननोन आणि पुढे एस-१-५-२१ पासून सुरू होणारा भलामोठा नंबर आहे. नाव तेच, पासवर्डही तोच ठेवलाय नव्या मशीनवर, तरी ओळखत नाही हे कसं काय?

दुसरं म्हणजे आता नव्यावर नीट घडी बसवायचीय. जुन्यावर बायकोचं ऑफिसच्या कामापुरतं वेगळं अकाउंट होतं, बाकी सगळे माझ्याच लॉगिनमधून सगळं करायचे, त्यामुळे ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले माझे पासवर्ड कोणालाही दिसायचे. मला हवंय ते एवढंच: प्रत्येकाचं आपापलं वेगळं, फोटो सगळ्यांना मिळाले पाहिजेत, मुलीने गेम टाकताना माझ्या कागदपत्रांना हात लागू नये, आणि मी कुठे बाहेर असलो तर घरचे अडकून पडू नयेत. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आईला मोठा पासवर्ड लक्षात राहणं शक्य नाही हेही धरून चला.


प्रतिसाद: नावावर जाऊ नका

विंडोज तुमचं नाव बघतच नाही हो, तो जो लांब नंबर दिसतोय ना तेच तुमचं खरं ओळखपत्र. प्रत्येक मशीनवर अकाउंट बनवताना तो नवा तयार होतो, म्हणून नाव-पासवर्ड अगदी सारखे ठेवले तरी नव्या विंडोजच्या लेखी तुम्ही परकेच.

कंटिन्यू दाबायला हरकत नाही. त्याने होतं एवढंच की त्या फोल्डरच्या परवानग्यांच्या यादीत तुमचं नवं अकाउंट कायमचं घातलं जातं, फाइल्सना धक्का लागत नाही. फोटो खूप असतील तर बराच वेळ हिरवी पट्टी सरकत बसेल, मधेच केबल काढू नका. तरी नाही उघडलं तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, तिथे वर ओनरसमोर चेंज आहे, त्यात आपलं अकाउंट निवडा आणि खाली आतल्या सगळ्या फोल्डर-फाइल्सचाही ओनर बदलायची टिक येते ती करा. हे फक्त हव्या त्या फोल्डरला करा, चालू मशीनच्या सी ड्राइव्हला मुळावरच हे करणारे महाभाग पाहिलेत, नंतर विंडोजच धड चालत नाही.

आणि यातून एक लक्षात घ्या, तुम्ही आत्ता पासवर्ड न टाकता जुन्या डिस्कमध्ये शिरताय. म्हणजे लॉगिनचा पासवर्ड हा दाराला आहे, सामानाला नाही. डिस्क काढून दुसरीकडे लावली की तो गेला उडत. सामानाला कुलूप हवं तर एन्क्रिप्शन लागतं, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशा रूपात फाइल्स साठवणं.


प्रतिसाद: अकाउंटची घडी

माझ्या मते असं करा. चौघांची चार अकाउंटं, चारही स्टँडर्ड, म्हणजे साध्या हक्कांची. हो, तुमचंसुद्धा. ॲडमिनचं, म्हणजे मशीनवर सगळे हक्क असलेलं, पाचवं वेगळं बनवायचं, त्यात रोज कोणी बसायचं नाही. कारण ज्याच्याकडे ॲडमिनचे हक्क तो दुसऱ्याच्या फोल्डरवर तेच कंटिन्यू दाबून सरळ आत जातो, मग वेगळी अकाउंटं करून उपयोग काय? मुलीला गेम टाकायचा असला की ॲडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी येईल, ती आली की तुम्हाला हाक मारेल. पहिले काही दिवस कटकट होईल, मग सवय होते.

ब्राउझरचा प्रश्न यातच सुटतो, प्रत्येक विंडोज अकाउंटचा ब्राउझरचा डेटा वेगळा असतो. आईसाठी पिन लावा. पिन छोटा असला तरी तो त्या एका मशीनपुरताच चालतो, बाहेर कोणाला कळला तरी त्याने तिचं ईमेल उघडता येत नाही.

फोटोंसाठी सी ड्राइव्हवर यूझर्सच्या आत पब्लिक नावाचं फोल्डर आधीपासून असतंच, त्यात टाकायचे. पण कट-पेस्ट नको, कॉपी-पेस्ट करा. एकाच ड्राइव्हवर कट करून हलवलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाऊ शकते, कॉपी केलेली नव्या फोल्डरच्या घेते. आमच्याकडे हाच घोळ व्हायचा, फोटो समोर दिसतोय पण दुसऱ्याला उघडत नाही. आणि पब्लिकमधलं कोणीही उडवू शकतं, तेव्हा बाहेरच्या डिस्कवर एक प्रत हवीच.

फोल्डर हिडन करून ठेवणं वगैरे सल्ले मिळतील, ती फसवाफसवी आहे, एका टिकने सगळं दिसतं.


प्रतिसाद: तुम्ही बाहेर असलात तर

वरच्यांनी मुख्य मुद्दा सोडलाच की. नव्या विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केलं असेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं, होम एडिशनलाही. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत बघा. चालू असलं तर चांगलंच आहे, पण त्याची ४८ आकडी रिकव्हरी की (डिस्क उघडायची राखीव किल्ली) असते आणि बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट किंवा मदरबोर्ड बदलल्यावर मशीन तीच मागत बसतं. की साठवलेली असते तुमच्या ऑनलाइन अकाउंटमध्ये, म्हणजे तुम्ही नसलात की घरचे निळ्या स्क्रीनकडे बघत बसणार. आजच छापून घ्या. तो कागद आणि ॲडमिनचा पासवर्ड बायकोला माहीत असलेल्या जागी ठेवा, मॉनिटरला चिकटवू नका म्हणजे झालं.

बाकीचे पासवर्ड एका जागी कुलुपात ठेवायला बिटवॉर्डन किंवा कीपास हे पासवर्ड मॅनेजर वापरा, दोन्ही ओपन सोर्स आहेत. कीपासची फाइल आपल्याच डिस्कवर राहते म्हणून मला ते आवडतं, पण मास्टर पासवर्ड (ती फाइल उघडायचा एकच मुख्य पासवर्ड) विसरलात तर कोणी मदत करू शकत नाही, तेव्हा तोही त्याच कागदावर. दर महिन्याला पासवर्ड बदलत बसायची गरज नाही, लांब आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा असला की पुरे. ब्राउझरमधून एक्स्पोर्ट करून इकडे आणलेत तर ती सीएसव्ही फाइल लगेच उडवा, त्यात सगळं उघड्यावर लिहिलेलं असतं.


धागाकर्ता: थोडं झालं, थोडं अडलं

सगळ्यांचे आभार. कंटिन्यू दाबलं, वेळ घेतला पण माझं आणि आईचं सगळं मिळालं. रिकव्हरी की छापली, एन्क्रिप्शन खरंच आपोआप चालू झालेलं होतं, मला पत्ताच नव्हता.

आता बायकोच्या फोल्डरमध्ये काही फाइल्सवर छोटंसं कुलूप दिसतंय. ओनर बदलला, फुल कंट्रोल दिला, तरी परवानगी नाही म्हणतंय. बाकीच्या फाइल्स उघडतात, ह्याच नाही. जुनं विंडोज प्रो होतं, काही फरक पडतो का? तिला जुना पासवर्ड नक्की आठवत नाहीये. पॉवर सप्लाय बदलून जुनं मशीन चालू केलं आणि माझ्या ॲडमिन अकाउंटमधून तिचा पासवर्ड रीसेट केला तर काम होईल ना?


प्रतिसाद: थांबा!

रीसेट करू नका. कुलूप म्हणजे तिने त्या फाइल्स विंडोजच्याच ईएफएस सोयीने एन्क्रिप्ट केल्यात, ती प्रोमध्ये असते, होममध्ये नाही. इथे ओनर बदलून काही होत नाही, फाइल हातात येते पण किल्ली तिच्या जुन्या अकाउंटच्या आत आहे आणि ती किल्ली तिच्या पासवर्डने बंद आहे. ॲडमिनने बाहेरून रीसेट केला की लॉगिन होईल, डेस्कटॉपही दिसेल, पण किल्ली जुन्या पासवर्डचीच वाट बघत बसेल. विंडोज तशी सूचनाही देतं, लोक न वाचता पुढे जातात.

जुनं मशीन चालू करा, तिच्याच पासवर्डने लॉगिन करा. चुकीचा टाकून एंटर मारलं की खाली हिंट दिसते, तिने लिहिली असेल तर आठवायला मदत होईल. आत गेल्यावर त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, एन्क्रिप्टची टिक काढा आणि मग फाइल्स कॉपी करा. हे सगळं होईपर्यंत जुन्या डिस्कला फॉरमॅट मारू नका आणि त्यावर नवीन काही टाकूही नका.


धागाकर्ता: बरं झालं विचारलं

पॉवर सप्लाय मागवलाय. हिंटचं बायकोला सांगितलं तर म्हणाली हिंटमध्ये नुसतं 'नेहमीचाच' असं लिहिलंय. आता तिच्या नेहमीच्या पासवर्डांची यादी काढायला बसलोय, झालं की इथेच कळवतो.