नागपूरची संग्रहालयं : हाताशी रविवार-सोमवार, क्रम कसा लावावा?

मेघना_पुणे
रविवारी सकाळी नागपुरात पोचतोय, सोमवारी रात्री परतीची गाडी. सोबत आई-बाबा आणि आठवीतला मुलगा. बाबांना विदर्भातल्या वाकाटक राजांचे ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले लेख, प्रत्यक्ष बघायचेत, मुलाला रेल्वेचं वेड. सीताबर्डीचा किल्लाही मनात आहे. अजब बंगल्याला किती वेळ ठेवावा?

बर्डीकर
ताई, अजब बंगला रविवारीच करा. सोमवारी तो बंद असतो आणि बाहेरगावचे लोक नेमके इथेच अडकतात. ऑटोवाल्याला 'मध्यवर्ती संग्रहालय' नको, 'अजब बंगला, सिव्हिल लाइन्स' सांगा. निदान तीन तास ठेवा. बहुतेक मंडळी पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशी रेंगाळतात आणि शिलालेखांपर्यंत पोचेस्तोवर पाय बोलायला लागतात. तुम्ही उलटं करा : आधी पुरातत्त्व आणि लेख, मग मूर्ती आणि शस्त्रं, प्राणी शेवटी.

किल्ला या खेपेला सोडा. तो लष्कराच्या ताब्यात आहे. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला लोकांसाठी उघडतो. त्याऐवजी झिरो माईलचा खांब बघा, त्याच नावाच्या मेट्रो स्थानकाजवळ आहे. देशाचा मध्यबिंदू म्हणून सगळे तिथे फोटो काढतात, पण बाजूचा 1907 सालचा जीटीएसचा (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, म्हणजे इंग्रजांनी केलेली देशाची मोजणी) दगड बघायला विसरू नका. सर्वेक्षणात उंची मोजायला वापरलेली ती खूण आहे.

ताम्रशासन
हे बाबांसाठी. काचेच्या अगदी समोर उभं राहिलं की दिव्याची चमक येते आणि अक्षर दिसेनासं होतं. अर्धं पाऊल बाजूला सरका, थोडं वाका, नजर पत्र्याच्या पातळीला आणा. तिरप्या उजेडात कोरलेल्या खाचेत सावली पडते आणि ओळ उठून दिसते. फोटोही तसाच तिरपा घ्या, फ्लॅश बंद ठेवून, आणि आधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून.

वाकाटकांचं अक्षर ओळखायला सोपं आहे. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर बारीकशी चौकोनी पेटी असते, म्हणून या लिपीला पेटिकाशीर्षक ब्राह्मी म्हणतात. मग पत्र्याच्या कडेचं भोक बघा. त्यातून कडी घालून पत्रे एकत्र ओवायचे आणि त्यावर राजाची मुद्रा लावायची. पहिल्या पत्र्याची बाहेरची बाजू सहसा कोरी सोडलेली असते, कारण तीच घासली जाते. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या मुद्रेवर चार ओळींत एक श्लोक असतो :

वाकाटकललामस्य क्रमप्राप्तनृपश्रियः।
राज्ञः प्रवरसेनस्य शासनं रिपुशासनम्॥

म्हणजे, वाकाटकांचं भूषण असलेल्या, वंशक्रमाने राजलक्ष्मी मिळालेल्या प्रवरसेन राजाची ही शत्रूला वचक बसवणारी आज्ञा. हा पाठ करूनच या. लिपी शिकलेली नसली तरी 'वाकाटक' आणि 'प्रवरसेनस्य' ताडून बघता येतं, आणि दीड हजार वर्षांपूर्वीचं नाव आपल्याला वाचता येतंय हे कळतं तेव्हा पत्र्यासमोरून हलवत नाही. पाटीवर नेमका इसवी सन नसला तर ती पाटीची चूक मानू नका. वाकाटक आपल्या ताम्रपटांत राज्यवर्ष, म्हणजे राजा गादीवर आल्यापासूनचं वर्ष, देतात, शक वा संवत नाही. म्हणून अभ्यासक 'पाचवं शतक' एवढंच म्हणतात. वाकाटकांच्या लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी वाचलेला पाठ देवनागरीत मोबाइलवर ठेवलात तर ओळीला ओळ लावून बघता येईल.

छोटी_लाइन
मुलासाठी मोतीबागचं नॅरो गेज रेल्वे संग्रहालय. डिसेंबर 2002 मध्ये सुरू झालं. कडबी चौक मेट्रोला उतरा, तिथून जवळ. रविवारी दुपारनंतर जा. नॅरो गेजच्या रुळांतलं अंतर 762 मिमी, आपल्या ब्रॉड गेजचं 1676. हे आकडे त्याला आधीच सांगा आणि इंजिनासमोर उभं राहून टेपने मोजायला लावा. एवढ्याशा रुळांवर सातपुड्याची वळणं कशी घेता यायची, ते बघूनच कळतं.

काटोल_नाका
सोमवार वाया घालवू नका, काटोल रोड धरा. जुनापाणीची शिलावर्तुळं उघड्यावर आहेत. महापाषाणयुगीन दफनं ती : मोठ्या धोंड्यांचं कडं आणि आत दगडमातीचा भराव. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात इथे खोदकाम केलं. काही धोंड्यांवर ओळीने वाटीएवढे खळगे आहेत. ते दुपारच्या उभ्या उन्हात दिसत नाहीत, सकाळच्या तिरप्या उन्हात दिसतात. सावली नाही, त्यामुळे उन्हाळ्यात आठच्या आत पोचा. पावसाळ्यात काळी माती चपलेला चिकटते, बूट घाला. धोंडे हलवू नका, त्यांची मूळ जागा हाच पुरावा आहे.

आदल्या दिवशी अजब बंगल्यात काळी-तांबडी मडकी नीट बघून ठेवा. भट्टीत पालथी घातल्याने आत हवा पोचत नाही, म्हणून आतून काळी आणि बाहेरून तांबडी. ही वर्तुळं घालणाऱ्या लोकांचीच ती भांडी. हिस्लॉप पादरी टाकळघाटची अशीच वर्तुळं बघून परतताना 4 सप्टेंबर 1863 ला ओढ्यात बुडाले, आणि अजब बंगलाही त्याच वर्षीचा.

त्याच रस्त्याने पुढे चिचोलीचं शांतिवन. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथे जपल्या आहेत.

मेघना_पुणे
शांतिवन सोमवारी उघडं असतं का? आईचे गुडघे दुखतात, जुनापाणीला किती चालावं लागेल?

काटोल_नाका
शांतिवनाला निघण्याआधी फोन करून खात्री करा. 14 एप्रिल, दसरा आणि 6 डिसेंबरच्या आसपास आलात तर गर्दी धरूनच चला. जुनापाणीची जमीन खडबडीत आहे, आईंना रस्त्याजवळची एक-दोन वर्तुळं पुरे. मुलाला घेऊन बाबांनी आत जावं.